अंडी तपासायची, तर आई बघा

“आवाज कमी जी, आत बाळंतीण हाय,” असं हसत सांगून त्या माउलीने मला घरात घेतलं. घर कुडव्यातलं. बाहेर एप्रिलचं ऊन, खिडकीला नुकताच लावलेला कूलर आणि आतल्या खोलीत, फडताळाच्या मधल्या खणात, ती बाळंतीण. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडची, गुडघ्यांवर शेंदरी पट्टे असलेली, तळहाताएवढी कोळीण. पुढच्या पायांच्या कवेत तिने पांढरट रेशमाची एक गोल पिशवी धरली होती. डब्याच्या काचेवर माझी सावली पडली, तशी ती पिशवीसकट मागे सरकली.

संपादकांनी यंदा विषय दिला होता ‘पाळणं’. गाय, कुत्रा, कबुतरं आणि मधमाश्या इतर लेखकांनी आधीच उचलल्या होत्या. गोंदियाच्या एका ओळखीच्या शिक्षकांनी सांगितलं, “आमच्या शेजारचा पोरगा टॅरंटुला पाळतो. अंडी घातलीत म्हणे.” कुडवा गोंदिया शहराला इतकं लागून आहे की शहर कुठे संपलं आणि गाव कुठे सुरू झालं, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. भाताच्या गिरण्या, नवी बांधकामं आणि मधूनच धानाची बांधी. पोरगा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, एका राईस मिलमध्ये हिशेब पाहतो. त्याच्या डोक्यात त्या दिवसांत एकच प्रश्न होता आणि तो मी नमस्कार करण्याआधीच त्याने मला विचारला, “ताई, आतली अंडी चांगली आहेत की वाया गेली, हे पिशवी न फोडता कसं कळणार?”

मला सांगता आलं नाही. पण या प्रश्नामागे गेले आणि कुडव्याहून थेट आरमोरीच्या कोसाबीजाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या बीजाच्या, खोलीत पोहोचले.

नर उसना, पिल्लं अर्धी

टॅरंटुला म्हणजे थेराफोसिडे कुळातले मोठे, केसाळ कोळी. जगभरात त्यांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांतले बहुतेक जाळं विणून भक्ष्याची वाट पाहत नाहीत. बिळात, झाडाच्या ढोलीत किंवा दगडाखाली बसतात आणि जवळून जाणाऱ्यावर झडप घालतात. कुडव्यातली मादी ज्या जातीची, तिचं शास्त्रीय नाव ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. पाळणाऱ्यांच्या जगात ती ‘रेड नी’. स्वभावाने संथ आणि चावायला नाखूश. राग आलाच तर मागच्या पायांनी पोटावरचे बारीक केस उडवते. ते केस कातडीला लागले की दिवसभर खाज सुटते.

या प्राण्यांच्या आयुष्यात नर आणि मादी यांची घड्याळं वेगवेगळी चालतात. मादीला वयात यायला सात-आठ वर्षं लागतात आणि त्यानंतरही ती पंधरा-वीस वर्षं जगू शकते. नर शेवटची कात टाकून वयात आला की त्याच्या हाती उरतं वर्ष, फार तर दोन. म्हणून ज्याच्याकडे वयात आलेला नर असतो, तो मादीवाला शोधत असतो. कुडव्याच्या पोराने नागपूरच्या एका ओळखीच्याकडून नर आणला तो अर्ध्या वाट्याने: पिल्लं झाली तर निम्मी नरवाल्याची. गावाकडे गाय अशी वाट्याने देतात हे त्याच्या आईला पक्कं ठाऊक. तिला त्यात काही नवल वाटलं नव्हतं. “जनावर म्हटलं का वाटा आलाच,” ती म्हणाली.

मीलनाआधी नर एक लहानसं जाळं विणतो, त्यावर वीर्याचा थेंब सोडतो आणि तोंडाजवळच्या दोन आखूड अवयवांच्या बोंडांत तो भरून घेतो. मग मादीच्या दाराशी जाऊन पायांनी जमीन ठोकत राहतो. ती ठोकून उत्तर देते, किंवा देत नाही. दिलंच तर तो पुढच्या पायांवरच्या आकड्यांत तिचे विषदंत अडकवून तिला वर उचलतो, बोंडं तिच्या पोटाखाली टेकवतो आणि मग जीव घेऊन पळतो. पोराने हे सगळं हातात लांब चिमटा आणि पुठ्ठ्याचा तुकडा घेऊन पाहिलं. भांडण झालंच तर मध्ये घालायला.

इथून पुढचा भाग सगळ्यात नाजूक. मादीच्या पोटात वीर्य साठवायची एक लहान थैली असते. त्यात ते कित्येक महिने जिवंत राहतं. अंडी घालताना, बाहेर येता येता, त्यांचं फलन होतं. पण मधल्या काळात मादीने कात टाकली तर त्या थैलीचं अस्तरही कातीबरोबर निघून जातं आणि साठवलेलं सगळं वाया जातं. म्हणून जाणता पाळणारा आधी मादीची कात पाहतो. नुकतीच टाकली असेल तर हाती बराच वेळ आहे. टाकायला आली असेल तर नर आणण्यात अर्थ नाही.

हिवाळ्यात मीलन झालं. त्यानंतर मादीने भरपूर झुरळं खाल्ली आणि तिचं पोट टरारलं. मग तिने खाणं सोडलं आणि बिळाच्या तोंडाशी रेशमाचा पडदा ओढून घेतला. एका सकाळी पडद्याआड पिशवी दिसली. आधी रेशमाची चटई अंथरायची, तिच्यावर द्रवासकट अंड्यांचा ढीग घालायचा, वरून रेशमाचं पांघरूण विणायचं, मग कडा मोडून सगळं गोल वळायचं. एका रात्रीत ती हे सगळं करते.

पिशवी कोणाच्या हाती

पिशवी आली म्हणजे अंडी चांगलीच असतील, असं नाही. नराशी गाठ न पडलेल्या मादीही कधीकधी पिशवी विणतात. आत असतात ती फलन न झालेली, सडणारी अंडी. बाहेरून दोन्ही पिशव्या सारख्याच दिसतात.

मात्र आईला फरक कळतो, निदान तिच्या वागण्यात तो उमटतो. चांगली पिशवी ती सोडत नाही. दिवसातून अनेकदा ती फिरवते, ऊब आणि ओल जिथे बरी तिथे घेऊन जाते. आतली अंडी बिघडली, किंवा तिला फार त्रास दिला, तर ती पिशवी टाकून देते. बऱ्याचदा खाऊनही टाकते. महिनोन् महिने उपाशी असलेल्या मादीने वाया गेलेलं अन्न परत पोटात घेणं, हा तिच्या बाजूने सरळ हिशेब आहे. पाळणाऱ्याला मात्र ती धास्ती असते. कारण ट्रकचा हादरा, रोज दहा वेळा उघडलेलं झाकण, डोळ्यांवर मारलेला टॉर्च, यांपैकी काहीही त्या हिशेबाला धक्का देऊ शकतं.

म्हणून पाळणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, आईएवढी चांगली उबवणी कोणालाच जमत नाही, तिच्याकडेच राहू द्या. दुसरा म्हणतो, साधारण महिना झाला की पिशवी काढून घ्या. तोवर अंडी सर्वांत कोवळ्या अवस्थेतून पुढे गेलेली असतात, हाताळणी सोसतात आणि काय आहे ते डोळ्यांनी दिसतं. कुडव्याचा पोरगा या दोघांच्या मध्ये अडकला होता. घर रस्त्यालगत, समोर बांधकाम, दिवसभर हादरे. शेवटी त्याने पिशवी काढायचं ठरवलं.

मादीला पारदर्शक पेल्याखाली अडवून, लांब चिमट्याने पिशवी ओढून घेताना तिने आधी दोन पायांनी, मग चार पायांनी ती धरून ठेवली. पिशवी सुटल्यावर ती बराच वेळ बिळाची जमीन चाचपत राहिली. पोराची आई दारातून हे पाहत होती. “कायले घेतलंस रे तिचं?” एवढंच ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

नखं कापायच्या कात्रीने रेशीम हळूच उकललं. आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखी, पिवळसर, वेगवेगळी लोळणारी अंडी होती. अंदाजे चारशे.

पारख इथे सुरू होते. चांगलं अंडं गोल, टणटणीत, एकरंगी असतं आणि भांडं कललं की स्वतंत्र घरंगळतं. फलन न झालेलं किंवा मेलेलं अंडं आधी खोलगट होतं, मग तपकिरी पडतं, शेजाऱ्याला चिकटतं आणि त्याच्यावर बुरशी धरते. बुरशी एका अंड्यावर थांबत नाही. म्हणून काळवंडलेलं अंडं ओल्या कुंचल्याच्या टोकाने लगेच उचलायचं. पोराने एक-एक अंडं पाहत दोन वाट्या केल्या. चांगल्या वाटीत बरीच होती, दुसऱ्या वाटीत थोडी. पण पहिल्या वाटीतल्या बऱ्याच अंड्यांपाशी तो थबकत होता. रंग बरा, आकार बरा, तरी आत जीव आहे का? आणखी आठवडाभर तरी बाहेरून काही सांगता येणार नव्हतं.

तेव्हा चहा घेऊन आलेल्या त्याच्या आईने एक वाक्य टाकलं. तिचं माहेर आरमोरीकडचं. “आमच्याकडे कोशाची अंडी अशी पाहून नाही सांगत. आईले कांडून पाहातेत.”

आरमोरीची वाट

गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या गाडीने अर्जुनी ओलांडली की वडसा येतं, आणि तिथून रस्त्याने आरमोरी. वाटेत धानाची शेतं, तलाव आणि ऐनाचं जंगल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या चार जिल्ह्यांचा हा झाडीचा पट्टा म्हणजे महाराष्ट्रातलं टसरचं माहेर. इथे त्याला कोसा म्हणतात. तलावात मासे धरणारा ढिवर समाज पिढ्यान् पिढ्या जंगलात कोसाही पिकवत आला आहे. भंडारा जिल्ह्यातल्या विणकरांचं टसर त्याच धाग्यावर उभं राहिलं.

तुतीचा रेशीमकिडा घरात, ताटात वाढतो. कोशाचा किडा, अँथेरिया मायलिटा, अजून अर्धा रानटी आहे. तो ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडावर उघड्यावर वाढतो. त्याला पाळणं म्हणजे झाड निवडणं, अळ्या झाडावर चढवणं, पाला संपला की दुसऱ्या झाडावर नेणं आणि महिना-दीड महिना मुंग्या, गांधीलमाश्या, उझी माशी आणि पाखरं यांच्यापासून राखण करणं. राखणदार गुलेल घेऊन झाडाखालीच मुक्काम करतात. या दिवसांत घरचं पथ्यपाणीही कडक असतं. विटाळ झाला तर पीक बिघडतं, अशी जुन्यांची श्रद्धा. एका वृद्ध ढिवर बाबांनी मला त्यातली व्यवहाराची बाजू सांगितली. “हात धुतल्याबिगर किड्याले हात नाही लावायचा बाई. रोग हातानं जाते.”

बीजाचे कोसे हिवाळ्यात निवडतात आणि माळा करून टांगतात. आतला कोष उन्हाळाभर झोपलेला असतो. फेब्रुवारीपासून जूनपर्यंतचे हे महिने जिकिरीचे, कारण विदर्भाचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना हात लावतो. फार तापलं तर कोष आतच मरतो, किंवा पाऊस येण्याआधीच अवेळी पतंग बाहेर पडतो आणि त्याला जोडीदार मिळत नाही. म्हणून बीजाची खोली जाड मातीच्या भिंतींची, खिडक्यांना ओली पोती लावलेली. कुडव्याच्या पोराने आपल्या डब्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं होतं, ते त्याने कुठून शिकलं हे मला इथे आल्यावर कळलं. ते आजोळचं होतं.

खलबत्त्यातली आई

पहिला पाऊस पडला की संध्याकाळी पतंग बाहेर येऊ लागतात. पंख सुकतात तोवर रात्र होते. मादी जागेवर बसून राहते, नर वासावर येतो. रात्रभर जोडी टिकते. सकाळी कामावरच्या बाया जोडी सोडवतात, नराला बाजूला करतात, मादीचे पंख कापतात आणि तिला एकटीला एका लहान डबीत किंवा जाळीच्या पिशवीत ठेवतात. प्रत्येक मादी वेगळी आणि प्रत्येक डबीवर क्रमांक, हा इथला कडक नियम आहे. तीन दिवसांत ती दीडशे ते अडीचशे अंडी घालते. या पतंगाला खाता येईल असं तोंडच नसतं. अळी असताना पानांतून जे साठवलं, त्यावरच त्याचं मीलन, अंडी आणि मरण, सगळं आठवडाभरात उरकतं.

अंडी घालून झाली की मादीच्या पोटाचा भाग छोट्या खलबत्त्यात घेऊन, क्षाराच्या पाण्याचे थेंब टाकून कांडतात. त्याचा एक थेंब काचपट्टीवर, वर झाकणकाच, आणि पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे सहाशे पट मोठी करून पाहतात. एका बाईंनी मला डोळा लावू दिला. धुरकट पाण्यात चरबीचे गोळे तरंगत होते. “हे नाही, हे सगळ्यांत असतं,” त्या म्हणाल्या आणि दुसरी पट्टी लावली. तिच्यात लांबट, काठ चमकणारे अंडाकृती दाणे हलत होते. “हे पेब्रिन. या नंबरची डबी जाळायची.”

पेब्रिन हा नोसेमा गटातल्या सूक्ष्म परजीवीमुळे होणारा आजार. तो आईच्या अंडाशयातून थेट अंड्यात जातो. बाहेरून अंडं निरोगी दिसतं, अळीही निघते, मग ती खात नाही, वाढत नाही, विष्ठेतून पानांवर बीजाणू सोडते आणि झाडावरच्या सगळ्या अळ्यांना लागण करते. एका मादीची दोनशे अंडी आख्ख्या रानाचं पीक बुडवू शकतात.

आईला तपासायची ही रीत लुई पाश्चरची. १८६५ मध्ये फ्रान्सच्या दक्षिणेतला रेशीमधंदा या आजाराने मोडायला आला, तेव्हा आलेस भागात त्याला पाठवलं गेलं. तोवर त्याने रेशीमकिड्यावर काम केलेलं नव्हतं. अंडी पाहून काही निश्चित सांगता येत नाही आणि अळ्या पाहीपर्यंत उशीर झालेला असतो, हे त्याच्या लक्षात आलं. म्हणून प्रत्येक मादीला वेगळ्या कापडावर अंडी घालू द्यायची, मेलेली मादी त्याच कापडाच्या कोपऱ्याला टाचून ठेवायची, सवडीने तिला वाटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं आणि बीजाणू दिसले तर ते कापड अंड्यांसकट जाळायचं. १८७० मध्ये त्याने हे सगळं ग्रंथरूपात मांडलं. तिथल्या तुतीच्या किड्याची अंडी हिवाळाभर निजून राहतात, त्यामुळे त्याच्याकडे सवड होती. कोशाची अंडी आठव्या-नवव्या दिवशी फुटतात. त्यामुळे आरमोरीच्या खोलीत पावसाच्या त्या थोड्या दिवसांत खलबत्ता थांबत नाही.

जी अंडी पास झाली, ती साबणाच्या पाण्याने धुतात, म्हणजे वरचा चिकट थर आणि मळ निघतो. मग फॉर्मालिनच्या सौम्य पाण्यातून काढतात, सावलीत वाळवतात आणि रोगमुक्त अंडीपुंज म्हणून पाळणाऱ्यांना देतात. एक मादी म्हणजे एक पुंज. उबवणीला साधारण २८ ते ३० अंश आणि हवेत पुरेशी ओल लागते. फुटायच्या दिवशी अंडी पानांच्या द्रोणांत घालून ते द्रोण ऐनाच्या फांद्यांना बांधायची जुनी पद्धत अजून काही जण पाळतात. बुंध्याला मुंग्या चढणार नाहीत अशी तजवीज आधी करून.

पाय फुटलेली अंडी

कुडव्याच्या पोराला मी खलबत्त्याची गोष्ट सांगितली तेव्हा तो हसला. त्याची आई-कोळीण अजून पंधरा वर्षं जगणार. तिला कांडून चालणार नव्हतं. इथेच दोन पाळण्यांतला खरा फरक आहे. पतंग सगळं एकाच वेळी घालून मरतो, म्हणून त्याला मारून तपासता येतं. कोळीण राखण करते, पुन्हा अंडी घालते, म्हणून तिला जिवंतपणी वाचावं लागतं. तिने पिशवी किती दिवस धरली, किती वेळा फिरवली, मीलनानंतर कात टाकली का, पोट कधी भरलं, या नोंदी हाच तिचा सूक्ष्मदर्शक. त्याच्या वहीत त्या होत्या. मीलनानंतर कात नाही, पिशवी महिनाभर घट्ट धरलेली, काढताना सोडली नाही. आईची बाजू भक्कम होती, तेव्हा शंकेतली बहुतेक अंडी ठेवायची असं त्याने आधीच ठरवलं होतं.

उबवणीसाठी त्याने जे केलं, त्याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. मोठ्या झाकणाच्या डब्यात तळाला पाणी, त्यात पालथी वाटी, वाटीवर छोटा डबा आणि त्याच्या तोंडावर ताणलेला सुती कापडाचा झोळ. अंडी या झोळावर, पाण्याला न टेकता. हवा यायला भोकं आणि भोकांना बारीक जाळी, कारण ओल्या, कुजक्या वासावर येणाऱ्या बारीक माश्या अंड्यांतच अंडी घालतात. तापमान २५ ते २७ अंश. डब्याच्या झाकणावर पाण्याचे थेंब दिसले तर ओल जास्त, अंड्याला खळी पडली तर ओल कमी. आई जे पायांनी करते ते त्याने हाताने केलं. दिवसातून तीन-चार वेळा झोळ अलगद कलता करून अंडी लोळवायची. एका जागी पडून राहिलेलं अंडं खालून चपटं होतं आणि कापडाला चिकटतं.

मे महिन्यात गोंदियात पंचविसाचा आकडा कुठून आणायचा? कूलर खोली गार करतो, पण वीज गेली की अर्ध्या तासात पारा चढतो. त्याने डबा पाणी शिंपडलेल्या मोठ्या माठात ठेवला आणि वर गोणपाट टाकलं. रात्री वीज गेली की माठावर पाणी मारायला त्याची आई उठायची. मे संपेपर्यंत तिच्या तोंडून “तुझ्या त्या” जाऊन “आपल्या” आलं होतं.

मग बदल दिसू लागले. अंड्याच्या एका बाजूला फिकट रेघा उमटल्या, त्या वळलेल्या पायांच्या होत्या. त्यानंतर पातळ पडदा फाटून पाय बाहेर आले, पण मागे अंडं तसंच पिवळं गोल. पाळणारे याला पाय फुटलेलं अंडं म्हणतात. त्याला ना डोळ्यांचं काम, ना तोंडाचं. मागचा बलक संपवत ते नुसतं पडून असतं. पुढची कात टाकल्यावर ते कोळ्यासारखं दिसतं, तरी खात नाही. पोटावर गडद ठिपका येतो. आणखी एका कातीनंतर पाय काळसर होतात, पिल्लू चालतं आणि पहिल्यांदा भक्ष्य धरतं. इथवर पोहोचायला पिशवीपासून साधारण अडीच-तीन महिने. पाय फुटल्यावरही काही पिल्लं कातीत अडकून मेली. अंड्यांच्या वेळची पारख तिथेच संपत नाही. प्रत्येक कात ही नवी चाळणी असते. जूनअखेर त्याच्याकडे तीनशेच्या वर जिवंत पिल्लं होती.

सरकारी वहीत आठ पाय

हौस म्हणून पाळलेल्या परदेशी प्राण्यांना बराच काळ आपल्या कायद्यात जागा नव्हती. २०२० मध्ये केंद्राने असे प्राणी बाळगणाऱ्यांना स्वेच्छेने माहिती देण्याची मुभा दिली. पुढे वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ ची दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जाती चौथ्या अनुसूचीत आल्या. ब्रॅकिपेल्मा हा त्यांतलाच एक गट. फेब्रुवारी २०२४ मधल्या नियमांनुसार अशा प्राण्याची नोंद परिवेश या पोर्टलवर करावी लागते. प्राणी बाळगणं, दुसऱ्याला देणं, मरण आणि जन्म, सगळंच कळवायचं असतं. म्हणजे पिल्लं झाली की त्यांची नोंद, आणि अर्ध्या वाट्याने निम्मी नागपूरला गेली की त्या देण्याचीही नोंद. पोराने मादी कागदासह घेतली होती, म्हणून पुढचं सोपं गेलं. कागद नसलेली मादी कितीही स्वस्त मिळाली तरी तिच्या पिल्लांचं काय करायचं, हा प्रश्न सुटत नाही.

आपल्याकडच्या जातींची गोष्ट याहून अवघड आहे. भारतातल्या झाडावर राहणाऱ्या पोसिलोथेरिया गटातली गर्द निळी जात पोकॉकने १८९९ मध्ये गुत्तीच्या रेल्वे आवारात सापडलेल्या नमुन्यावरून नोंदवली. त्यानंतर शंभरेक वर्षं ती कोणाच्या दृष्टीला पडली नाही. पुन्हा सापडली ती आंध्रातल्या जंगलाच्या लहानशा तुकड्यात. आज ती अतिसंकटग्रस्त आहे आणि त्याच वेळी युरोप-अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या काचेच्या डब्यांतली ती नेहमीची पाहुणी आहे. हा संपूर्ण गट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. महाराष्ट्रातही नव्या जाती अजून सापडताहेत. मुंबईच्या आरे दूध वसाहतीतून २०१४ मध्ये झीशान मिर्झा आणि राजेश सानप यांनी एक जात नोंदवली आणि तिच्या नावात आरे आलं. नागझिऱ्याच्या किंवा नवेगावच्या रानातला कोळी उचलून डब्यात ठेवणं हे पाळणं नव्हे, हे कुडव्याच्या पोराला सांगावं लागलं नाही. तोच त्याच्या मित्रांना सांगत असतो.

उलट वाटही तितकीच बंद हवी. नको झालेली पिल्लं “जंगलात सोडून दिली” म्हणणारे दयाळू लोक असतात. मेक्सिकोतलीच एक लाल पाठीची जात अमेरिकेच्या फ्लोरिडात संत्र्या-मोसंबीच्या बागांत १९९०च्या दशकात रानटी होऊन वसलेली सापडली. सोडलेल्या किंवा निसटलेल्या एखाद्या मादीची एक पिशवीही तिथे पुरली असेल.

तीनशे तोंडं

जंगलात चारशे अंड्यांतून एखाददुसरं पिल्लू वयात येतं. बाकीची मुंग्यांनी, पाखरांनी, उन्हाने आणि भावंडांनी संपवलेली असतात. कोशाच्या बाबांनी सांगितलं, दोनशे अंड्यांमागे पन्नासेक कोसे हाती आले तर देवाचे आभार. पाळणाऱ्याच्या खोलीत मात्र शत्रू नसतो. आणि जे जगतं त्याला खायला लागतं. टॅरंटुलाची पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला वेगळी डबी. प्रत्येक डबीत आठवड्याला एखादं बारीक झुरळ नाहीतर अळी, शिवाय ओलाव्याचा थेंब. नागपूरचा वाटा गेल्यावरही पोराकडे दीडशेच्या वर डब्या राहिल्या. राईस मिलमधून आल्यावर त्याची संध्याकाळ आता डब्या उघडण्यात जाते. रेड नी सावकाश वाढते. ही पिल्लं मोठी व्हायला वर्षं लागतील.

अनुभवी पाळणारे म्हणून एक कठोर काम करतात. जितकी पिल्लं सांभाळता येतील आणि ज्यांना जागा आहे, तितकीच अंडी ठेवतात. बाकीची पाय फुटण्याआधी फ्रीझरमध्ये जातात. ऐकायला वाईट वाटतं. पण आरमोरीच्या बाई पेब्रिनची डबी जाळतात, तेव्हा उरलेलं रान वाचावं म्हणूनच जाळतात. पाळणाऱ्याने निवड नाकारली तर ती निवड उपासमार करते, आणि मग वाईट तऱ्हेने.

पोराने पुढच्या मीलनाआधीची तयारी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवली आहे. मादीने कात कधी टाकली. तिचं पोट भरलंय का. कागद आणि नोंदी पूर्ण आहेत का. पिल्लं घेणारे कोण, आणि त्यांच्याकडे डब्या आहेत का. दीडशे तोंडांना वर्षभर पुरेल असं खाद्य कुठून येणार. पहिले दोन प्रश्न मादीचे आहेत, पुढचे तीन त्याचे स्वतःचे. सगळ्यांची उत्तरं जुळली तर नराचा डबा उघडावा. एखादं जरी अडलं, तर मादीला तिची कात निवांत टाकू द्यावी.